पाठवणाऱ्याचा पत्ता

चोपडा, जि. जळगाव
४ ऑक्टोबर २०२५

आदरणीय महाजन काका,

तुम्ही मला ओळखत नाही. मी निशा चौधरी, इथे एका शाळेत गणित शिकवते. चेतनची मैत्रीण. तीन वर्षांपूर्वी भुसावळला बँकेच्या परीक्षेत आमचे बाक शेजारी आले होते. पेपर दोघांचाही वाईट गेला. बाहेर आल्यावर त्याने डब्यातला बुऱ्हाणपूरचा दराबा पुढे केला आणि म्हणाला, "ले लो, नापास होणाऱ्यांनी तरी गोड खाल्लं पाहिजे." तिथून ओळख.

तो गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं. कोणीतरी मोबाइलवर त्याचा फोटो टाकून खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं होतं. मी तेव्हा नववीच्या वह्या तपासत होते. मला कोण आणि कशाला कळवणार होतं, म्हणून तक्रार करत नाही.

तुमचा फोन सप्टेंबरपासून बंद लागतो. म्हणून हे पत्र. काका, चेतनचं टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन घरात आहे ना? विकलं तर नाही? त्यात माझ्या नावाचं एक पत्र राहिलंय. त्याने लिहिलेलं, पण टाकायचं राहून गेलेलं. मला ते हवंय. कामाचं आहे.

काकूंना नमस्कार सांगा.

निशा

•

राजपुरा, बुऱ्हाणपूर
९ ऑक्टोबर २०२५

कु. निशा हिस आशीर्वाद.

तुझं पत्र बुधवारी पोचलं. पिनकोड बरोबर होता, अक्षर सुवाच्य होतं, तिकीट जागच्या जागी होतं. मी टपाल खात्यात अडतीस वर्षं काढली. आधी खकनार-तुकईथड भागात सायकलवरून वाटप, मग इथे बुऱ्हाणपूरला पत्रांची छाननी. त्यामुळे या गोष्टी मला आधी दिसतात, मजकूर नंतर. चेतन यावरून फार चेष्टा करायचा.

फोन मीच बंद करून कपाटात ठेवला आहे. अकरा ऑगस्टला सकाळी निंबोल्याच्या रस्त्यावरून जो फोन आला तो त्याच्यावरच आला होता. शाळेत पोचायला चेतनला तीन किलोमीटर राहिले होते. केळीचा ट्रक होता. आता तो फोन वाजलेला रजनीला सोसत नाही. मलाही नाही.

मशीन विकलेलं नाही. रजनी रोज त्याच्यावरची धूळ पुसते आणि परत झाकून ठेवते. मी त्याला हात लावत नाही. एकतीस वर्षांचा मुलगा, शाळेत संगणक शिकवणारा मास्तर, रोज संध्याकाळी सहा वाजले की टीव्हीसमोर मांडी घालून त्या दोन मुठींच्या रिमोटशी खेळतो, हे मला कधी पटलं नाही. त्याच्याशी माझं शेवटचं बोलणं त्यावरूनच झालं. रविवारी संध्याकाळी मी ओरडलो, "भाकर थंड होऊन राहिली, बंद कर ते!" सोमवारी तो लवकर निघाला, मी फुलं आणायला गेलो होतो. म्हणजे तेच शेवटचं. मुलाला बापाकडून शेवटचं काय मिळालं तर हे.

तेव्हा तू म्हणतेस ते मला समजावून सांग. खेळातलं पत्र म्हणजे काय असतं? ते पत्र आहे का?

दत्तात्रय महाजन

•

चोपडा
१३ ऑक्टोबर २०२५

आदरणीय काका,

ते पत्रच आहे. खरंखुरं. सांगते.

या गेममध्ये डोंगरातलं एक गाव असतं आणि आपण त्या गावचे पोस्टमन. सायकलवरून घरोघर पत्रं वाटायची. पण त्यात आपण स्वतःही पत्र लिहू शकतो. लिहिलं की ते पोस्टमनच्या झोळीत जाऊन बसतं. मग सायकल चालवत चौकातल्या लाल पेटीपर्यंत न्यायचं आणि टाकायचं. टाकलं की माझ्या टीव्हीवर, माझ्या घराच्या दाराशी येऊन पडतं. टाकलं नाही तर झोळीतच राहतं. मी म्हणायचे, अरे सरळ मेसेज कर ना. तो म्हणायचा, "मेसेज तो कोई भी करता है." महत्त्वाचं असेल ते तो झोळीतूनच पाठवायचा.

आणि ही गेम आम्ही कशी घेतली तेही सांगते, कारण मशीन लावल्यावर तुम्हाला काही विचित्र दिसेल आणि तुम्ही घाबराल. आपल्याकडच्या ऑनलाइन दुकानात ती अठ्ठावीसशे रुपयांना होती. तुर्कस्तानच्या दुकानात तीच सातशेला. तिथल्या लोकांच्या खिशाकडे बघून भाव लावलेला असतो. बस, आपण तुर्कस्तानात राहतो एवढं खातं उघडताना सांगायचं आणि तिकडच्या पैशाचं कार्ड दुसऱ्या साइटवरून विकत घ्यायचं. बरेच लोक करतात. चेतनने नकाशावर शोधून इझमीर नावाच्या शहरातलं एक हॉटेल काढलं, फोटोत बाल्कनीतून समुद्र दिसतो म्हणून, आणि तोच पत्ता आमच्या दोघांच्या खात्यात टाकला. पावत्या तुर्की भाषेत यायच्या. त्यातला एकच शब्द त्याला पाठ झाला होता, तेशेक्कुर. म्हणजे थँक्यू. बसमध्ये कंडक्टरने तिकीट दिलं तरी तो तेशेक्कुर म्हणायचा.

आता असं करा. मशीनचं बटण दाबा, टीव्ही आपोआप लागेल. चेतनचं नाव येईल, त्यावर जा आणि रिमोटवरचं फुलीचं बटण दाबा. सायकलचं चित्र दिसेल, परत फुली. गाव उघडेल. डाव्या अंगठ्याखालची दांडी पुढे ढकलली की सायकल चालते. उताराने खाली गेलात की चौक. लाल पेटीपाशी थांबा, त्रिकोण दाबा, झोळी उघडेल. पत्र निवडा, फुली दाबा. झालं.

बाकी कशालाही हात लावू नका.

निशा

•

राजपुरा, बुऱ्हाणपूर
१९ ऑक्टोबर २०२५

चि. निशा,

काल दुपारी धीर केला. रजनी शेजारी तुझं पत्र घेऊन बसली आणि एकेक ओळ वाचून दाखवत होती. "आता फुली म्हणते ती. फुली दाबा ना, काय पाहून राहिले?" मधेच मी तिला तेशेक्कुरची गोष्ट सांगितली. वर्षभर चेतन भाकर खाऊन उठला की तिला तो शब्द म्हणायचा आणि ती म्हणायची, शिव्या देतो का रे आईले. आता तिला कळलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

गाव उघडलं. सायकल दिसली. सायकलवर बसलेल्या पोस्टमनच्या डोक्यावर नाव लिहिलं होतं, 'दत्तू'. निशा, हे तू मला सांगितलं नव्हतंस. माझी आई मला दत्तू म्हणायची. टोपी जराशी तिरकी, उजवी विजार टाचेपाशी चिमट्याने बांधलेली, अगदी मी बांधायचो तशी. माझा मुलगा दोन वर्षं रोज संध्याकाळी मला सायकलवर घेऊन गावभर हिंडला, आणि मी त्याला रिकामटेकडा म्हणत होतो.

उतारावर तीनदा कुंपणात गेलो. शेवटी पेटीपाशी पोचलो, झोळी उघडली. एकच पत्र होतं, वर तुझं नाव. बटण चुकलं आणि पत्र उघडलं. पण काळजी करू नकोस, मी टीव्हीवर पंचा टाकला. अडतीस वर्षांत मी दुसऱ्याचं उघडं कार्डसुद्धा वाचलेलं नाही.

पंच्याआडून परत बाहेर पडताना भलतंच पान उघडलं. त्यावर चेतनचं पूर्ण नाव होतं आणि खाली ते इझमीरचं हॉटेल. हे मला बघवलं नाही. पत्र टाकायचं तर पाठवणाऱ्याचा पत्ता खरा हवा. न पोचलेलं पत्र परत कुठे जाणार? त्या हॉटेलात? तिथे चेतन महाजन म्हणून कोणाला ओळखतात?

म्हणून मी पत्र तूर्त झोळीतच ठेवलं आणि पत्ता दुरुस्त केला. घर क्रमांक, राजपुरा, बुऱ्हाणपूर, ४५०३३१. देश मात्र बदलेना. मग 'मदत' असं लिहिलं होतं तिथे कंपनीला रीतसर इंग्रजी अर्ज केला. एकेक अक्षर त्या दांडीने शोधून. दोन तास लागले. कळवलं, की खातेदार माझा मुलगा होता, तो दि. ११ ऑगस्ट रोजी वारला, तो तुर्कस्तानात कधीही राहत नव्हता, तरी कृपया पत्ता दुरुस्त करून मिळावा. मृत्यूच्या दाखल्याचा क्रमांकही दिला. दोन-तीन दिवसांत होईल असं उत्तर आलं आहे. झालं की लगेच पत्र टाकतो.

दिवाळी आम्ही करत नाही आहोत. तू कर.

तुझा
दत्तात्रय काका

•

चोपडा
२३ ऑक्टोबर २०२५

काका, काका, अर्ज मागे घ्या.

लगेच. हे मिळाल्या मिळाल्या. 'मदत'वर जाऊन लिहा की चुकून पाठवला. तोवर पत्र टाकून द्या, पत्ता कसाही असू दे. मी सकाळपासून तुमचा फोन लावतेय. कपाटातून काढा ना तो, एक दिवसासाठी. आज भाऊबीज, बसेस भरलेल्या आहेत, घरातून निघता येत नाहीये. स्पीड पोस्ट करतेय.

पत्ता खोटा आहे हे कळलं की ते खातं बंद करतात. खातं बंद झालं की झोळी पण जाते.

निशा

•

राजपुरा, बुऱ्हाणपूर
२८ ऑक्टोबर २०२५

चि. निशा,

तुझं पत्र काल सत्तावीसला मिळालं. सुट्ट्यांमुळे उशीर. खातं चोवीसलाच बंद झालं होतं.

कंपनीचं उत्तर सभ्य भाषेत आहे. त्यांनी आमच्या दुःखात सहभागी असल्याचं कळवलं आहे. पुढे म्हणतात, खातं दुसऱ्याच्या नावे होत नाही, आणि मुळात दिलेला पत्ता खरा नव्हता, म्हणून नियमाप्रमाणे ते कायमचं बंद. मी लगेच तीन अर्ज केले. लिहिलं, की खातं नको, खेळ नको, झोळीतलं एक पत्र तेवढं द्या. तिन्ही वेळा तेच उत्तर आलं, अक्षराचाही फरक नाही. मशीन लावलं की आता 'नवीन खाते उघडा' एवढंच येतं. दत्तू नाही, सायकल नाही, काही नाही.

तुकईथडच्या एका मुलाचं नोकरीचं पत्र होतं, मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती, म्हणून मी ताप असताना चौदा किलोमीटर सायकल मारली होती. चेतनला लहानपणी ही गोष्ट शंभर वेळा सांगितली असेल. आणि त्याचं स्वतःचं पत्र माझ्या हातात होतं, पेटी समोर होती, नुसतं एक बटण दाबायचं होतं.

तू लिहिलं होतंस, बाकी कशालाही हात लावू नका.

मला माफ कर असं लिहायला हात उचलत नाही.

दत्तात्रय

•

चोपडा
२ नोव्हेंबर २०२५

आदरणीय काका,

दोन दिवस मी तुमच्यावर खूप चिडले होते. शाळेतल्या पोरांवर ओरडले, आईशी भांडले. आता राग संपलाय. खोटं खातं उघडणारे आम्हीच होतो. तुम्ही फक्त खरं बोललात.

'कामाचं पत्र' असं मी तुम्हाला लिहिलं होतं. आता लपवून काय करू? ऑगस्टमध्ये मला शिरपूरचं एक स्थळ आलं. मुलगा वीज कंपनीत आहे, शांत आहे, नाव ठेवायला जागा नाही. शनिवारी मी चेतनला झोळीतून एकच वाक्य लिहिलं, 'त्याला हो म्हणू का?' तीन वर्षांत आम्ही एकमेकांना तसं काही बोललो नव्हतो. मला वाटायचं, तो बोलेल. त्याला काय वाटायचं ते मला माहीत नाही. रविवारी संध्याकाळी त्याचा मेसेज आला, "जवाब झोळीत ठेवलाय. बाबा जेवायला बोलावतायत, उद्या टाकतो."

उद्या टाकतो.

तेव्हापासून मी शिरपूरच्या लोकांना थांबवून ठेवलंय. आधी म्हटलं पितृपंधरवडा, मग म्हटलं सहामाही परीक्षा, मग दिवाळी. आज तुळशीचं लग्न. आता काय सांगू? आई विचारते, "पोरी, तुले कोनाची वाट पाहायची से?"

सप्टेंबरात मी एकदा बुऱ्हाणपूरला आले होते. शनवारा चौकापासून विचारत विचारत तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत. काकू दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. त्यात त्याचा निळा चौकड्यांचा शर्ट होता, भुसावळला घातलेला. तो गेल्यावरही त्या धूत होत्या. मी तिथूनच परत फिरले. दारात येऊन मी कोण म्हणून सांगणार होते?

आणखी एक सांगायचं राहिलं. इझमीरच्या त्या पत्त्यात खोली क्रमांकही घालावा लागला होता. त्याने मला २०७ दिली आणि स्वतः २०८ घेतली. झोळीतल्या पत्रात तो मला नावाने हाक मारायचाच नाही, '२०७ वाली' लिहायचा. काका, खोटा होता, पण तो एकच पत्ता होता जिथे आम्ही शेजारी राहत होतो. माझं खातं अजून तिथेच आहे. शेजारची खोली तेवढी रिकामी झाली.

पंचा टाकायच्या आधी तुम्हाला एखादा शब्द तरी दिसला का हो? एकच? पहिला असला तरी चालेल. हो की नाही, एवढंच मला हवं होतं.

निशा

•

राजपुरा, बुऱ्हाणपूर
९ नोव्हेंबर २०२५

चि. निशा,

मी तुला खोटं लिहिलं होतं. चेतनचं पत्र मी वाचलं. सेवेतली लाज म्हणून लपवलं, त्याबद्दल क्षमा असावी. पत्र लहान होतं, माझ्या चांगलं लक्षात आहे. शब्दशः उतरवून देतो.

'निशा, सदर मुलगा नोकरीला आहे, घर चांगलं आहे, असं समजतं. माझ्या मनात तुझ्याविषयी मैत्रीखेरीज दुसरा विचार नव्हता. तरी तू विलंब न करता होकार कळवावा. तुझा संसार सुखाचा होवो. तुझा शुभचिंतक, चेतन.'

एवढंच होतं. तेव्हा आता तू मोकळी आहेस. शिरपूरच्या मंडळींना कळव.

रजनीचे आशीर्वाद.

दत्तात्रय महाजन

•

चोपडा
२० नोव्हेंबर २०२५

आदरणीय काका,

तुमचं पत्र वाचून मी आधी खूप हसले आणि मग खूप रडले. चेतन आणि 'सदर मुलगा'? चेतन आणि 'होकार कळवावा'? त्याने उभ्या जन्मात कोणाला 'विलंब न करता' म्हटलं असेल का! आणि सुरुवातीला 'निशा'. खोटं तरी नीट लिहायचं होतंत, काका. टपाल खात्याचा शिक्का बसलाय त्याच्यावर.

रागावले नाही. ते पत्र गणिताच्या पुस्तकात जपून ठेवलंय. तुम्ही काहीच वाचलं नव्हतं, हे आता मला पक्कं कळलं. पंचा खरा होता.

शिरपूरला मी हो सांगितलंय. ७ डिसेंबरला लग्न आहे. तुम्ही सांगितलंत म्हणून नाही. ज्या माणसाने अडतीस वर्षं कोणाच्या पत्राला बोट लावलं नाही, त्याला माझ्यासाठी एक पत्र खोटं लिहावं लागलं. मी अजून थांबले तर तुम्हाला दुसरं लिहावं लागेल, म्हणून.

त्याचं उत्तर मला कधीच कळणार नाही. कधी मी ते एक समजते, कधी दुसरं. भाजी निवडताना एक, वर्गात दुसरं. त्यांना, म्हणजे शिरपूरच्या त्यांना, मी चेतनबद्दल सांगितलंय. ते म्हणाले, पत्रिका पाठवा त्या घरी. सोबत ठेवली आहे. याल का, हे विचारत नाही.

काकूंना माझ्याकडून तेशेक्कुर सांगा. शर्टासाठी.

तुमची
निशा

•

राजपुरा, बुऱ्हाणपूर
७ डिसेंबर २०२५

चि. निशा,

हे पत्र मी टाकणार नाही. पाकिटावर तिकीट लावलंय, पत्ता लिहिलाय, पण ते तिकिटाशिवाय मला पत्र लिहिता येत नाही म्हणून. आता दुपारचे बारा वाजले आहेत. तिकडे अक्षता पडत असतील. रजनी देवापुढे बसली आहे. सकाळी तिने तुझी पत्रिका चेतनच्या फोटोपाशी ठेवली, मग उचलली, मग परत ठेवली.

मी टीव्हीवर पंचा टाकला हे खरं आहे. पण वाचून झाल्यावर टाकला.

वाचायचं नव्हतं. पत्र उघडलं आणि त्यात माझंच नाव दिसलं. माझ्या मुलाच्या हातचं, त्याच्या शेवटच्या संध्याकाळचं, आणि त्यात बाबा. डोळे मिटता आले नाहीत. अडतीस वर्षं तिथे संपली. त्यात लिहिलं होतं:

'२०७ वाली, हो मत कह देना उसको. येत्या रविवारी मी बाबांशी बोलतो. ते आधी दहा मिनिटं गेमवरून ओरडतील, ओरडू दे. तोवर तू एक काम कर. बाबांना कागदावर पत्र लिही. काहीही लिही, शाळेचं, हवापाण्याचं. मोबाइलचं ते मानत नाहीत, पण कागदाचं पत्र आलं की चष्मा पुसून उभ्या उभ्या वाचतात आणि उत्तर दिल्याशिवाय राहत नाहीत. चार-पाच पत्रं झाली की बघ, तेच मला म्हणतील, पोरगी चांगली आहे. मग २०८ खाली करून टाकू, दोन खोल्यांचं भाडं कशाला?'

एवढंच. आणि शेवटी तेशेक्कुर.

आता तुला कळेल पत्ता मी का बदलला. परत कुठे जाईल वगैरे मी तुला लिहिलं, तो बहाणा होता. माझ्या मुलाने मुलीला लग्नाचं विचारलं होतं, आणि ते पत्र हॉटेलच्या पत्त्यावरून जाणार होतं. ज्या घरात तू येणार होतीस त्या घराचा पत्ता त्यावर असावा, एवढीच माझी इच्छा होती. मुलगा गेला तरी असावा. म्हातारपणी सुचलेला शहाणपणा. त्या रविवारी मी ओरडून त्याला उठवलं नसतं, तर दहा मिनिटांत त्याने ते स्वतः टाकलं असतं. म्हणजे ते पत्र दोनदा अडलं, आणि दोन्ही वेळा मीच अडवलं.

तुझं दोन नोव्हेंबरचं पत्र रजनीला वाचून दाखवलं तेव्हा सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तिले नका सांगू. मेलेल्या माणसाचं हो घेऊन ती जन्मभर बसून राहीन. मोकळी करा पोरीले." म्हणून ते खोटं पत्र. तीन दिवस लिहीत होतो. '२०७ वाली' लिहिलं असतं तर तुझा विश्वास बसला असता, हे मला ठाऊक होतं. पण ते दोन शब्द त्या खोट्यात घालवेनात.

हे पाकीट आता मी माझ्या जुन्या खाकी झोळीत ठेवणार आहे. माळ्यावर आहे ती. आमच्या मागे कोणी उघडलीच, तर तोवर तुझी मुलं मोठी झालेली असतील.

निशा, तुझी पाचही पत्रं माझ्यापाशी आहेत. पाचही मी चष्मा पुसून उभ्याने वाचली. तो म्हणाला होता तेवढीच झाली.

चेतन, पोरगी चांगली आहे रे.

दत्तात्रय महाजन
राजपुरा, बुऱ्हाणपूर, ४५०३३१